न ऐकता घेतलेला आवाज : व्ही.पी.पासून ऑनलाइन खरेदीपर्यंत

मडके घेताना ते बोटाने वाजवून घ्यावे, असे आपल्या घरांतील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. नारळ कानाशी धरून हलवून घेतात. चांदीचा रुपया दगडावर आपटून खणखणीत निघाला तरच सावकार तो गल्ल्यात टाकी. तबल्याची जोडी घेणारा मनुष्य दुकानात बसून शाईवर दोन बोटे मारल्याशिवाय पैशाची पिशवी उघडत नसे. ज्या वस्तूचा गुण तिच्या नादात आहे, ती वस्तू नाद ऐकूनच घ्यावयाची, हा आपल्या बाजाराचा जुना नियम होय. आज मात्र घरोघरी एक निराळाच व्यवहार चाललेला दिसतो. दिवाणखान्यात उभे करावयाचे पुरुषभर नाही तरी कमरेइतक्या उंचीचे दोन टॉवर स्पीकर लोक मोबाईलच्या पडद्यावर चित्र पाहून मागवतात. ज्या वस्तूचे आवाज काढण्यापलीकडे दुसरे कामच नाही, ती आवाज न ऐकता विकत घेतली जाते. हा व्यवहार नवा आहे काय? नसेल तर त्याची मुळे कोठे आहेत? आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला तो जितका सोयीचा वाटतो तितकाच तो रानातल्या गिऱ्हाइकालाही आहे काय? ह्या प्रश्नांचा इतिहासाच्या अंगाने विचार करावा, असा आमचा आजचा बेत आहे.

ह्या विचारासाठी आम्ही डोळ्यांपुढे एक विशिष्ट गाव धरले आहे, ते म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड. पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती ह्या तीन नद्या जेथे एकत्र येतात तेथे हे तालुक्याचे ठिकाण वसले आहे. पलीकडे छत्तीसगडचा मुलूख. आलापल्लीहून रानातून साठ-पासष्ट किलोमीटरांची वाट तुडवावी तेव्हा ते येते. पुण्या-मुंबईच्या मनुष्याला हे उदाहरण दूरचे वाटेल, परंतु कोणत्याही व्यवस्थेची खरी कसोटी तिच्या अखेरच्या टोकाला लागते. दोर किती मजबूत आहे हे विहिरीच्या काठावर कळत नाही. बादली पाण्याला टेकली म्हणजे कळते.

आता मुळाकडे जाऊ. १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा वक्त्याचा आवाज जेवढ्या अंतरावर पोचेल तेवढीच सभा असे. बोललेला शब्द हवेत विरला की तो परत मिळवण्याचा उपाय नव्हता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला आणि माणसाचा आवाज प्रथमच साठवता व पुन्हा ऐकता येऊ लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपण जिला व्ही.पी. म्हणतो ती पद्धत, सुरू केली. एका शोधाने आवाज बोलणाऱ्यापासून सुटा केला. दुसऱ्या पद्धतीने माल दुकानापासून सुटा केला. ह्या दोहोंचा परस्परांशी तेव्हा काही संबंध नव्हता. परंतु न ऐकता आवाज घेण्याच्या आजच्या व्यवहाराचे आईबाप शोधावयाचे, तर ते ह्या एकाच वर्षात सापडतात.

व्ही.पी.ची रचना फार साधी होती आणि म्हणूनच ती टिकली. दुकानदार पार्सल टपालात देई व त्यावर किंमत लिही. पोस्ट ते पार्सल गिऱ्हाइकाच्या गावी नेई, रक्कम हातात पडल्यावर ते सोडी आणि पैसे मनीऑर्डरने दुकानदाराकडे धाडी. दुकानदाराला वाटे की माल फुकट जाणार नाही. गिऱ्हाइकाला वाटे की पैसे बुडणार नाहीत. दोघे परस्परांस ओळखत नसत, पण दोघेही पोस्टमनला ओळखत. ह्या तिसऱ्या माणसाच्या भरवशावर मराठी पुस्तके, मासिकांचे अंक, घड्याळे, औषधे आणि बाजाच्या पेट्या खेडोपाडी गेल्या. ‘व्ही.पी.ने मागवा’ ही ओळ जुन्या मासिकांच्या जाहिरातींत सर्वत्र आढळते. ह्या पद्धतीत एक उणीव मात्र होतीच. पैसे आधी द्यावयाचे आणि पुडके मागून उघडावयाचे. आत काय निघेल ते निघेल. म्हणून व्ही.पी.च्या पुडक्यातून दगड निघाल्याच्या गोष्टी आपल्याकडे बराच काळ विनोदाचा विषय होऊन राहिल्या.

इकडे आवाजाच्या यंत्राचा प्रवास चालूच होता. १८८७ साली एमिल बर्लिनरने सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला. मराठी नाट्यपदे, भजने, ख्याल हे सर्व तीन-साडेतीन मिनिटांच्या मापात बसू लागले. सर्वांनाच ते रुचले असे नाही. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या थोर गवयाचा आवाज तबकडीवर उतरला नाही तो नाहीच. त्यामुळे ज्यांनी त्यांस समोर बसून ऐकले, त्यांच्या सांगण्यावरच आपल्याला विसंबावे लागते.

तबकडीविषयी बोलताना रानाची आठवण करणे प्राप्त आहे, आणि ती कोणी फारशी करीत नाही. ७८ फेऱ्यांची ती काळी तबकडी कशाची बनलेली असे? दगडाची पूड, काजळी आणि ह्यांना बांधून ठेवणारी लाख. लाख हा पदार्थ कारखान्यात होत नाही. पळस, कुसुम आणि बोर ह्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे ती तयार करतात. मध्य हिंदुस्थानच्या आणि छोटा नागपूरच्या रानपट्ट्यातील आदिवासी ती फांद्यांवरून खरवडून बाजारात आणीत. हा धंदा एवढा मोठा होता, की विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रांचीजवळ नामकुम येथे केवळ लाखेच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. महायुद्धाच्या काळात जहाजांची वाहतूक अडली, तेव्हा १९४२ साली अमेरिकन सरकारला तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेवर निर्बंध घालावे लागले. न्यूयॉर्कमधील गाणे मध्य हिंदुस्थानातील पळसाच्या फांदीवर अशा रीतीने अवलंबून होते! ज्यांच्या हातची लाख तबकडीत गेली, त्यांच्यापैकी किती जणांच्या झोपडीत ती तबकडी वाजली असेल, ह्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

रानातून कच्चा माल बाहेर जावा आणि पक्का माल शेवटी, महाग होऊन, जमला तर परत यावा, हा क्रम जुन्या चांदा जिल्ह्याच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसतो. आलापल्लीच्या सागवानाचे तसेच झाले. तेंदूपानाचे तसेच झाले. बांबूचेही तसेच झाले. चांद्याचे चंद्रपूर झाले ते १९६४ मध्ये, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला; पण क्रम फारसा बदलला नाही.

आवाजाच्या बाबतीत हा क्रम प्रथम मोडला तो रेडिओने. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भाला आपल्या बोलीचा आवाज हवेतून मिळू लागला. तरी दिव्याचा मोठा रेडिओ विजेवर चाले, त्याला परवाना लागे, आणि रानात वीज नव्हती. खरा पालट घडविला तो ट्रान्झिस्टरने. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत लागलेला हा शोध साठच्या दशकात स्वस्त झाला, आणि दोन-चार सेलांवर चालणारा रेडिओ खांद्याला अडकवून मनुष्य बाजाराला जाऊ लागला. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, पुढे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे आपले आयुष्य वेचले. तेव्हा त्या भागात वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात जगाशी संबंध नव्हता. अशा मुलखात घरात संगीत ऐकण्याचे यंत्र म्हणजे सेलवरचा रेडिओ. त्यापलीकडे कल्पनाही जाणे कठीण.

त्याच सुमारास शहरांत मात्र एक नवी हौस वाढत होती. ऐकणाऱ्याला दोन कान आहेत, तेव्हा आवाजही दोन बाजूंनी आला पाहिजे, हा विचार ॲलन ब्लमलाइन ह्या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली पेटंटात मांडला होता. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. पेटी कशी असावी याचेही शास्त्र झाले. स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकतो तेव्हा तो मागेही हवा ढकलतो. ती मागची हवा पुढच्या हवेत मिसळली तर खर्ज नाहीसा होतो. म्हणून कोणी पेटी पूर्ण बंद केली, तर कोणी मोजून-मापून तिला भोक पाडले. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर याने बंद पेटीतून लहान आकारातही भरदार खर्ज काढून दाखविला. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थिएल याने भोकाच्या पेटीचे गणित मांडले. आजचा टॉवर स्पीकर ह्या गणिताचेच अपत्य आहे. पेटी उंच करावयाची ती शोभेसाठी नव्हे. जमिनीवर फार जागा न अडवता आत हवा पुरेशी मिळावी आणि तार स्वरांचा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा, हा तिचा हेतू.

आपल्या देशात त्या काळी परदेशी माल आयात-परवान्याच्या कुंपणाआड होता. १९७० साली कलकत्त्यात सोनोडाइन निघाली, मुंबईत कॉस्मिकचे नाव झाले. ज्यांना तेवढेही परवडत नसे ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेत, सुताराकडून खोकी करून घेत आणि घरी डाग देऊन जोडणी करीत. ह्या सर्व खरेदीत एक गोष्ट समान होती. गिऱ्हाईक दुकानात जाई, आपल्या ओळखीची तबकडी किंवा कॅसेट बरोबर नेई आणि ती लावावयास सांगे. भीमसेनांचा खर्ज कोणत्या पेटीतून कसा निघतो हे स्वतःच्या कानांनी ठरवी. मडके वाजवून घेण्याचाच हा प्रकार होता. नागपूरकर हे सीताबर्डीवर करू शके, चंद्रपूरकर नागपुरास जाऊन करू शके. भामरागडकराला मात्र ह्या कामासाठी जाऊन-येऊन दोन-तीन दिवस घालवावे लागले असते.

ह्याच काळात टपाल खात्यात एका मराठी माणसाने एक काम केले, त्याचे मोल आपण अजून पुरते ओळखलेले नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी व नाटककार. नोकरीने टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या अनेक लिप्या ह्यांमुळे टपालाचा जो गोंधळ होई, त्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. भामरागडचा पिन कोड ४४२७१०. पहिला चार हा आकडा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड ह्या विभागाचा. पुढचे आकडे क्रमाने जवळ आणीत शेवटी एका टपाल कचेरीपाशी नेऊन सोडतात. ह्या पद्धतीत एक मोठे तत्त्व गृहीत होते. दलाल स्ट्रीटलाही सहा आकडे आणि भामरागडलाही सहाच. पिन कोड दिला ह्याचा अर्थ, तेथपर्यंत जाण्याची जबाबदारी सरकारने पत्करली, असा होता. पत्र आठवड्याने पोचेल, पावसात पंधरवड्याने पोचेल. परंतु ‘तुमच्या गावी आम्ही येत नाही’ असे पोस्टाला म्हणता येत नसे.

पुढे बरोबर तेवीस वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. २००७ मध्ये फ्लिपकार्टने पुस्तके विकावयास प्रारंभ केला, आणि २०१० मध्ये माल दारात आल्यावर पैसे घेण्याची सोय केली. तिला लोकांनी नवलाची कल्पना म्हटले. वस्तुतः ती १८७७ ची व्ही.पी.च होती, पोस्टमनच्या जागी कंपनीचा मुलगा मोटारसायकलवरून आला, एवढेच. २०१३ मध्ये ॲमेझॉन ह्या देशात आली. पुस्तकांमागून मोबाईल, मोबाईलमागून कपडे आणि अखेर वीस-वीस किलोचे टॉवर स्पीकरही ह्या वाटेने निघाले.

आता ज्याला ते घ्यावयाचे आहेत, त्याच्या हाती निर्णयासाठी काय असते? चित्र, किंमत, इतर गिऱ्हाइकांची मते आणि आकडे. ह्यांपैकी आकड्यांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण कानाची जागा त्यांनी घेतली आहे. १९९० नंतर आपल्या बाजारात ‘हजार वॅट पीएमपीओ’ अशा पाट्या झळकत. तो आकडा क्षणार्धाच्या काल्पनिक जोराचा असे. यंत्र सतत देऊ शके ती शक्ती त्याच्या अगदी लहानशा अंशाइतकी निघे. लोक हे हळूहळू शिकले आणि आरएमएस विचारू लागले. आज त्याहूनही उपयोगी आकडा म्हणजे संवेदनक्षमता. एका स्पीकरची ती ८७ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० असेल, तर तेवढाच आवाज काढण्यास पहिल्याला दुप्पट शक्ती लागते. म्हणजे केवळ तीनच्या फरकाने ॲम्प्लिफायरची किंमत बदलते. ओहम किती हेही पाहावे. आठ ओहमांसाठी केलेल्या साध्या ॲम्प्लिफायरला चार ओहमांचा स्पीकर जोडला, तर तो तापतो.

हे आकडे खरे असले तरी पुरे नाहीत. चाळीस कंपनांच्या खर्जाची लाट हवेत सुमारे साडेआठ मीटर लांब असते. आपली बारा फुटी खोली चार मीटरही भरत नाही. ती लाट भिंतींवर आपटून परत येते आणि खोलीच्या एका कोपऱ्यात खर्ज घुमतो, तर मधोमध तो ऐकूही येत नाही. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढला की आवाज पालटतो. सिमेंटच्या उघड्या भिंतींत आवाज खणखणतो. मातीच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या घरात तो निराळाच बसतो. म्हणून दुकानात ऐकलेला आवाजही अखेर अर्धाच खरा असे, हे मान्य केले पाहिजे. स्पीकरची खरी परीक्षा ज्याच्या त्याच्या घरातच होते. ऑनलाइन खरेदीच्या बाजूने बोलावयाचे तर हेच बलवान म्हणणे आहे. माल घरी आणा, आठ दिवस ऐका, न पटल्यास परत करा. परत करण्याची ही सोय म्हणजेच ऐकून घेण्याचा जुना हक्क. तो नव्या वेषात आला आहे.

ह्या हक्काला कायद्याचा आधार किती, तेही पाहू. १९३० च्या मालविक्री कायद्यात वर्णनावरून केलेली विक्री आणि नमुन्यावरून केलेली विक्री असे भेद आहेत. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, आणि तो तपासून पाहण्याची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळाली पाहिजे, असे तो कायदा सांगतो. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, पण तक्रार बहुधा विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार जेथे घडला तेथे न्यावी लागे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तेथेच तक्रार करण्याची मुभा दिली. भामरागडच्या मनुष्याला आता मुंबई-बंगळूरची वाट धरावयास नको. गडचिरोलीच्या जिल्हा आयोगापुढे तो दाद मागू शकतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार परत करण्याच्या व पैसे माघारी देण्याच्या अटी आधी स्पष्ट दाखविल्या पाहिजेत, तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे. कागदावर ही प्रगती मोठी आहे, ह्यात संशय नाही.

परंतु कागद आणि रान ह्यांच्यामध्ये पर्लकोटा आहे. ह्या नदीवरचा जुना ठेंगणा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि भामरागडचा संबंध तुटे. २०१९ च्या पावसाळ्यात तर असे अनेकदा घडले. म्हणूनच नव्या उंच पुलाचे काम हाती घ्यावे लागले. मालाची मागणी नोंदवण्यास मोबाईलचे जाळे लागते. म्हणजे घरातल्या मनोऱ्याआधी गावात दुसरा मनोरा हवा. आणि माओवादी हिंसेच्या काळात ह्या जिल्ह्यात मोबाईलचे मनोरे जाळण्याचेही प्रकार घडले आहेत. तेवढे जमले तरी वाहतुकीचा हिशेब उरतो. खासगी वाहतूकदार वजन केवळ तराजूवर करीत नाहीत, आकारावरही करतात, आणि जे अधिक भरेल त्याचे भाडे घेतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून गुणाकाराला पाच हजारांनी भागण्याची रीत रूढ आहे. शंभर, तीस आणि चाळीस सेंटिमीटरांचे खोके घेतले तर उत्तर चोवीस येते. आतला स्पीकर सोळा किलोचा असला तरी भाडे चोवीस किलोंचे पडते, आणि स्पीकर दोन असतात. अशा खोक्यासाठी शेवटचे साठ किलोमीटर गाडी धाडणे कंपनीला परवडत नसेल, तर ती आपल्या यंत्राला एवढेच शिकवते, की अमुक सहा आकडे आले म्हणजे ‘येथे माल पोचत नाही’ असे उत्तर द्यावे.

ह्या उत्तरात आम्हांस इतिहासाचे एक वळण दिसते, आणि ह्या व्याख्यानाचा गाभाही तोच आहे. वेलणकरांनी ते सहा आकडे गाव शोधण्यासाठी दिले होते. आज तेच आकडे गाव गाळण्यासाठीही वापरता येतात. आकडे तेच, हेतू उलटा. पोस्टाला नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता. बाजाराला तो आहे. कंपन्यांना दोष देऊन येथे भागणार नाही. त्या धर्मादाय काढण्यासाठी निघालेल्या नाहीत. प्रश्न आपला आहे. पाणी, रस्ता, टपाल ह्यांप्रमाणे मालाची पोच हीसुद्धा नागरिकाची गरज मानावयाची काय? आज तो स्पीकर आहे, उद्या ते औषध असेल, शाळेचे पुस्तक असेल, शिवणयंत्राचा सुटा भाग असेल. स्पीकर ही चैनीची वस्तू आहे, रानात तिची काय गरज, असे कोणी म्हणेल. आम्ही त्यास विचारू, की तुमच्या दिवाणखान्यात तरी तिची काय गरज होती? चैन कोणी करावी हे पिन कोडाने ठरावे, हा न्याय नव्हे.

ह्या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, आणि ती सोडून दिली तर विचार एकांगी होईल. भामरागडचा माडिया गोंड समाज हा आवाजाच्या बाबतीत रिकाम्या हाताचा समाज नाही. ढोल आणि रेला ही त्याची स्वतःची मिरास आहे. रेला गाताना एक गट ओळ उचलतो, दुसरा ती झेलतो, हातात हात गुंफून रिंगण फिरते. तेथे मंच नाही आणि समोर बसलेला श्रोताही नाही. जो ऐकतो तो बहुधा नाचतही असतो. स्टिरिओची रचना ह्याच्या नेमकी उलट आहे. दोन स्पीकर आणि एक खुर्ची ह्यांचा समभुज त्रिकोण करावयाचा; त्या खुर्चीत बसलेल्या एकालाच चित्र पुरे दिसते. एक पद्धत सर्वांना आत घेते, दुसरी एकाला राजा करते. दोन्हींना आपापली जागा आहे. पण दुसरी विकत मिळते आणि पहिली मिळत नाही, एवढ्यावरून दुसरीला श्रेष्ठ ठरवू नये.

तबकडीच्या युगात ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीसाठी १९१३ ते १९२९ ह्या काळात देशातील बोलींच्या दोनशेहून अधिक तबकड्या मुद्रित झाल्या. त्यांत मध्य प्रांतातील बोलीही होत्या. त्या अभ्यासकांसाठी होत्या, बोलणाऱ्यांसाठी नव्हेत. लाखेसारखाच हा आवाजही रानातून बाहेर गेला. आता मात्र ज्या मोबाईलवरून स्पीकर मागवता येतो, त्याच मोबाईलने रेलाचे मुद्रण करता येते. भामरागडच्या घरात उद्या उभा राहणारा स्पीकर जर केवळ मुंबईची गाणी वाजवील, तर लाखेचाच व्यवहार पुन्हा घडेल. त्यातून माडिया भाषेतील गोष्ट, आजीचे गाणे, शाळेतील मुलांनी मुद्रित केलेला रेला ऐकू आला, तर शंभर वर्षांचा एकेरी व्यवहार दुहेरी होईल. आणि आवाज किती मोठा करावा ह्यालाही मर्यादा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही सीमा घातली आहे. ती शहरात पाळली जात नाही म्हणून रानात पाळू नये, असे नाही.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. जो कोणी अशी खरेदी करील त्याने आकड्यांत वॅटांपेक्षा संवेदनक्षमता व ओहम पाहावेत. खोलीचे माप आधी घ्यावे. परत करण्याची मुदत आणि परतीचे भाडे कोणी द्यावयाचे हे पैसे देण्यापूर्वी वाचावे, आणि खोके व आतले थर्माकोल मुदत संपेपर्यंत फेकू नयेत, कारण त्यांवाचून माल बहुधा परत घेत नाहीत. दमट हवेच्या गावी भुशाच्या फळीची पेटी ओल्या जमिनीवर ठेवू नये, ती फुगते. घरी आल्यावर नवे, झगझगीत काही न लावता जे गाणे आपल्याला पाठ आहे तेच प्रथम लावावे. आपल्या कानाला खोटे कोणते ते तेथेच कळते.

आणि एक गोष्ट आपणा शहरवासीयांसाठी. दीडशे वर्षांपूर्वी पोस्टाने अनोळखी माणसांत विश्वास निर्माण केला, तो सर्वांकडे जाऊनच केला. नवा बाजार त्याच विश्वासावर उभा आहे. त्याने मागची अटही पत्करावी, ह्यासाठी ज्यांच्या दारात माल रोज येऊन पडतो त्यांनीच बोलले पाहिजे. ज्यांच्या दारात तो येतच नाही, त्यांची तक्रार नोंदवून घेण्यास त्या पडद्यावर जागाच ठेवलेली नसते.